चार फायलींची बाई

"उठिए, साहब को बैठने दीजिए."

डॉक्टर माझ्याकडे न बघताच बोलले. मी नुकतीच टेकले होते. आमच्या सरकारी दवाखान्यात प्रत्येक डॉक्टरसमोर पेशंटसाठी एकच स्टूल. त्यावर बसण्यासाठी मी दुखऱ्या गुडघ्यांवर दीड तास रांगेत उभी होते. दारातून एक मोठे साहेब आत आले होते. मोठ्या हुद्द्याच्या लोकांना तिथे रांग नसते.

मी उठले. उठताना मांडीवरच्या फायली खाली पडल्या. चारही. गोळा करायला वाकले तर गुडघा वाकेना. साहेबांनी बूट जरासा बाजूला घेतला, तेवढंच. आणि मी काय म्हणाले? "सॉरी सर."

नंबर माझा, दुखणं माझं आणि सॉरीही माझंच. आज आठवलं तरी स्वतःचा राग येतो.

मी पन्नाशी ओलांडलेली बाई. दिल्लीत एका मंत्रालयात क्लार्क आहे. बाप नगरपालिकेचे रस्ते झाडायचा. घरात खुर्चीवर बसून पगार घेणारी मीच पहिली. परीक्षा देऊन, राखीव जागेवर लागले. त्यात लपवण्यासारखं काही नाही, तरी इतकी वर्षं मी ते हळू आवाजातच सांगत आले.

मला शुगर आहे. हार्टचा त्रास आहे, बीपी त्यातच आलं. किडनी थकत चालली आहे. गुडघे तर गेलेच. सोमवारी शुगर, मंगळवारी हार्ट, गुरुवारी किडनी, शुक्रवारी हाडं. द्वारकेहून मेट्रोनं जायचं, रांग लावायची, मग धापा टाकत ऑफिस गाठायचं. तिथे सुट्ट्यांवरून टोमणे. एका डॉक्टरांना दुसरं दुखणं सांगायला गेलं की ठरलेलं उत्तर: "एक बार में एक बीमारी, मैडम."

मला ते पटायचंसुद्धा. ऑफिसात आमचा नियमच आहे, एका विषयाची एक फाईल. दोन विषय एकत्र केले की वरून शेरा मारून परत येते. म्हणून मी माझ्या दुखण्यांच्याही चार फायली केल्या. चार रंगांची लेबलं, आत तारीखवार कागद. मंगळवारी फक्त हार्टची पुढे करायची. बाकीच्या कुणी मागितल्या तर असाव्यात म्हणून मांडीवर. कुणीच मागितल्या नाहीत. पण माझं काम किती नीटनेटकं, याचा मला केवढा तोरा होता!

मग एक दिवस ऑफिसात कपाटात कागद ठेवायला उठले आणि डोळ्यांपुढे अंधार आला. कपाटाच्या लोखंडी कडेवर आपटले. भुवईला पाच टाके पडले. बीपी पार खाली गेलं होतं.

रविवारी दुपारी मुलीनं माझी सगळी औषधं जेवणाच्या टेबलावर पसरली. ती गुरुग्रामला नोकरी करते, दिल्लीतच वाढली. दोन पाकिटं तिनं शेजारी शेजारी ठेवली. "आई, वरची नावं वेगळी आहेत. पण खाली छोट्या अक्षरांत बघ ना यार. औषध एकच आहे, बीपीचं. तू डबल खातेयस."

एक गोळी हार्टवाल्यांनी दिलेली, दुसरी किडनीवाल्यांनी. दोन फायलींत दोन गोळ्या. आणि त्या फायली एकमेकींपासून लांब ठेवल्या होत्या मी, माझ्या हातांनी.

आधी शरमेनं मान वर होईना. सव्वीस वर्षं कागद वाचले आणि स्वतःचाच वाचता आला नाही. मग हळूहळू तळपायाची आग मस्तकात गेली. फायली चार असतील. शरीर एकच होतं. ते रोज त्यांच्यासमोर येऊन बसत होतं, आणि उठवलं जात होतं.

त्याच दुपारी चारही फायलींचे टॅग सोडले. सगळे कागद तारखेनं एकत्र लावले, पानांना नंबर घातले. त्या दोन गोळ्यांच्या चिठ्ठ्यांना लाल फ्लॅग लावला. वर एका पानावर सगळी दुखणी, सगळ्या गोळ्या.

मंगळवारी पुन्हा त्याच स्टुलावर बसले. डॉक्टरांनी जाडी फाईल बघून हात मागे घेतला. एका वेळी एकच, म्हणाले. मी भुवई दाखवली, लाल फ्लॅगचं पान उघडलं. त्यांनी वाचलं. मग म्हणाले, "पढ़ी-लिखी हैं न आप? दो-दो गोली खा गईं. नौकरी कैसे लगी?" आणि स्वतःच हसले. "अच्छा, कोटा."

एवढ्यात दार उघडलं. दुसरे कुणी साहेब होते. डॉक्टरांनी मला हातानंच उठायची खूण केली.

पाय सवयीनं हललेसुद्धा. मी ते दाबून धरले.

"नहीं उठूँगी. हाँ, कोटे से लगी हूँ. पढ़कर लगी हूँ. ये दोनों पर्चियाँ आप लोगों की लिखी हुई हैं. पहले इन्हें देखिए."

आवाज कापत होता. मोठा होता. बाहेरची रांग दाराशी सरकली. तिथे कितीतरी जण प्लास्टिकच्या पिशवीत माझ्यासारख्याच तीन-तीन, चार-चार चिठ्ठ्या घेऊन उभे होते. साहेब दारातच उभे राहिले. त्यांनाही थोडा वेळ उभं राहता येतं, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

डॉक्टरांनी एका गोळीवर काट मारली. माफी नाही, विचारपूस नाही. खाली शेरा लिहिला की पेशंट भांडखोर आहे, सहकार्य करत नाही.

तो कागद मी फाडला नाही. फाईलमध्ये लावला, त्याच्यावर नंबर घातला. पान एकशे बारा. लेखी तक्रार केली आहे, तिची पोच पान एकशे तेरा.

गुरुवारी किडनीवाल्यांकडे जायचं आहे. तिथेही स्टूल एकच आहे. एक ते एकशे तेरा, सगळी पानं वाचून होईपर्यंत मी त्यावरून उठणार नाही.