रोझी थांबायची ती ओळ

मीरा रोडच्या आमच्या चर्चमध्ये बाकांना नवं पॉलिश लावलंय. या रविवारी मिस्साच्या उपासनेला बसलो आणि त्या वासाने उत्तनचा धर्मशिक्षणाचा वर्ग आठवला.

मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. विश्वासांगीकार, म्हणजे दर मिस्सात सगळ्यांनी मिळून म्हणायची श्रद्धेची कबुली, मला पाठ होता; एका दमात म्हणायचो. शेजारी उभी राहणारी मावसबहीण रोझी मात्र मृतांच्या पुनरुत्थानाची ओळ आली की गप्प व्हायची. तिचे वडील त्याच वर्षी वारले होते.

"फादर, हिला पाठ न्हाय!" मी एकदा ओरडलो.

"पाठ हाय," रोझी म्हणाली. "पण बाबा परत उठतील असं मला वाटत न्हाय. मग देवासमोर खोटं कसं बोलू?"

फादर रागावतील याची मी वाट पाहत होतो. ते येऊन आमच्या दोघांच्या मध्ये बाकावर बसले, तिच्याकडे तोंड करून.

"नको बोलूस, बाळ. तू थांबतेस ना, तेही देव ऐकतो."

"आणि माझं, फादर?"

"तू जरा सावकाश म्हण."

पुढे दर रविवारी वर्ग सुटल्यावर ते तिच्याशी बोलत बसायचे. मी चपला घालून दारात उभा असायचो. वडील गेलेल्या मुलीचा मला हेवा वाटायचा, कारण माझ्याकडे विचारायला एकही प्रश्न नव्हता.

आईला पुरून आता महिना झालाय. या रविवारी त्या ओळीला थांबायचं, असं मी घरून ठरवून निघालो होतो. आठवलं तेव्हा ओळ म्हणून झाली होती.