छावणीतल्या सोंगाचा फोटो

दुष्काळाच्या त्या वर्षी आमच्या गावच्या दूध संस्थेत दूधच येईना. सकाळी दोन-तीन कॅन कसेबसे भरायचे, संध्याकाळी तर चहापुरतंच. मी संस्थेत लिपिक होते. दुधाची फॅट लावायची, रजिस्टर लिहायचं, एवढं माझं काम, आणि तेही उरलं नव्हतं. त्यामुळं संस्थेनं शिरूर कासारच्या रस्त्याला जनावरांसाठी चारा छावणी उघडली, तेव्हा सचिवांनी मला तिकडं पाठवलं. जाताना हातात एक छोटा डिजिटल कॅमेरा दिला.

"ताई, परत्येक जनावराचा फोटू पायजे," ते म्हणाले. "तोंड दिसलं पायजे आन् कानातल्या बिल्ल्याचा नंबर दिसला पायजे. बाकी काय दिसलं न्हाई तरी चालतंय."

तोपर्यंत मी कॅमेरा हातात धरला नव्हता. पहिले आठ दिवस माझ्या फोटोत नुसते हललेले कान यायचे. हळूहळू एकेक कळत गेलं. म्हशीचा फोटो ऊन माझ्या पाठीशी असेल तरच काढायचा, नाहीतर डोळे, तोंड, शिंगं सगळं एक काळा गोळा होतं. बैल माणसापेक्षा बरा उभा राहतो. गाय मात्र नेमकं बटण दाबताना मान वळवते. महिना झाला आणि मला त्या कामाची गोडी लागली. बिल्ल्याचे फोटो झाले की मी पाण्याच्या टाकीपाशी भांडी घासणाऱ्या बायकांचे काढायची, कडब्याच्या गंजीवर झोपलेल्या गड्यांचे काढायची. कुणाला सांगत नव्हते, पण आपल्याला हे जमतंय असं मनात येऊ लागलं होतं.

छावणीत एक मामा होते. माझ्या नात्यातले नव्हते, पण लहानथोर सगळे त्यांना मामाच म्हणायचे. साठीच्या आतबाहेरचे, डोंगरपट्ट्यातल्या एका वाडीचे, दोन बैल आणि एक गाय घेऊन आलेले. पोरं-सुना ऊसतोडीला गेलेल्या, घरी मामी आणि नातवंडं. मिशी अशी, की आधी मिशी दिसायची आणि मागून मामा. गावाकडं ते सोंगी भारुडात बाईचं सोंग घ्यायचे. नवऱ्याला कंटाळलेली, कावलेली बायको. हे कळल्यावर छावणीतल्या लोकांनी त्यांचा पिच्छाच पुरवला. जनावरं दावणीला, माणसं रिकामी, दिवस काही केल्या सरत नव्हता. शेवटी एका रविवारी, दिवस मावळायच्या आत, ट्रॅक्टरच्या रिकाम्या ट्रॉलीवर भारूड करायचं ठरलं.

भारूड सुरू व्हायच्या आधी मी मामांना गाठलं. हिरवं इरकल लुगडं नेसून, तोंडाला पावडर लावून, कपाळावर रुपयाएवढं कुंकू रेखून ते कडब्याच्या पेंढ्यांवर बसले होते.

"मामा, एक फोटो काढू का?"

"काढ की. पर मला बिल्ला न्हाई बरं का."

त्यांनी पदर ओठांत धरला, मान वर केली आणि राणीसारखी बैठक मारली. मी एकच फोटो काढला. मागच्या छोट्या पडद्यावर बघितलं. एवढा चांगला फोटो मी काढलाय यावर माझाच विश्वास बसेना.

भारूडही जोरात झालं. पण माझं निम्मं लक्ष कॅमेऱ्याकडंच होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी तो फोटो ज्याला त्याला दाखवत सुटले. "कसा आलाय? खरं सांगा," असं वर विचारायची. सगळे म्हणायचे, "लई भारी." टाकीवरच्या बायका म्हणाल्या, लई भारी. पशुधनाचे डॉक्टर आले होते, तेही म्हणाले, छान. सचिवांनी कॅमेरा डोळ्याजवळ नेऊन बघितलं आणि म्हणाले, "ताई, नंबर कुठाय ह्यात?" आणि स्वतःच हसत सुटले.

पहिल्या दोन दिवसांत हे ऐकून पोट भरलं. तिसऱ्या दिवशी मात्र वाटू लागलं, की हे लोक फोटोला नाही, मामांच्या सोंगाला भारी म्हणतायत. माझ्या कामाचं कुणी काहीच बोललेलं नव्हतं. म्हणून जनावरांचे फोटो छापायला बीडला गेले, तेव्हा हाही एक मोठा छापायला टाकला आणि स्टुडिओवाल्या चाचांनाच विचारायचं ठरवलं. चाचांनी सगळी हयात लग्नाचे आणि पासपोर्टचे फोटो काढण्यात घालवली होती. कमी बोलायचे.

फोटो मशीनमधून बाहेर आला. त्यांनी चष्मा वर सरकवला.

"बेटा, हे तू काढलास?"

"हो. कसा आलाय, खरं सांगा."

"खरं सांगू?" त्यांनी फोटो काउंटरवर ठेवला आणि बोट टेकवलं. "ह्या बाईच्या डोक्यातून शेपूट निघालीय."

मी बघितलं. मामांच्या मागं त्यांचा बैल उभा होता आणि त्याची शेपटी बरोब्बर पदरातून वर आल्यासारखी दिसत होती. इतक्या वेळा बघितलेला फोटो, आणि मला ती एकदाही दिसली नव्हती.

"हात इथं कापलाय. डोळ्यावर उजेड न्हाई, नाकावर हाय," चाचा पुढं बोलत होते. "हे सगळं जाऊ दे, शिकशील. मला एक सांग. मिशी दाखवायचीय का लपवायचीय?"

"म्हणजे?"

"पदराखालून अर्धी मिशी दिसायलीय. बघणाऱ्याला कळत न्हाई, बाईचा फोटो हाय का बाई झालेल्या गड्याचा. तुलाबी कळलेलं न्हाई. तू आधी ठरव, मग बटण दाब."

मी पाकीट उचललं आणि बाहेर पडले. एसटीत खिडकीशी बसून मनातल्या मनात चाचांशी भांडत राहिले. जन्मभर पासपोर्ट फोटो काढणाऱ्याला सोंगातलं काय कळतंय, असंही म्हणून झालं. पण पाकीट उघडून बघितलं की आधी शेपूटच दिसायची.

दोन दिवस मी फोटो पिशवीतच ठेवला. शेवटी मामांनीच विचारलं, "काय म्हनला गं तुजा स्टुडिओवाला?"

मी फोटो त्यांच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. शेपटीचं ऐकून मामा पोट धरून हसले. मिशीचं ऐकल्यावर मात्र गंभीर झाले.

"मानूस हुशार हाय," ते म्हणाले. "मलाबी लोक म्हंतेत, सोंग घेतोस तर मिशी काढ की. पर मिशी हाय म्हनून लोक हसतेत पोरी. मिशी काढली तर नुसतेच बघतेत."

तेवढ्यात छावणीच्या फाटकाशी टेम्पो थांबला आणि मामी उतरल्या. दर तीन-चार दिवसांनी त्या भाकरी आणि ठेचा घेऊन यायच्या. बारीक अंगाच्या, चालणं झपझप. मामांनी फोटो पटकन धोतराच्या घडीत सारला. तो त्यांनी का लपवला हे मला तेव्हा कळलं नाही.

"काय लपिवलंत?" मामींनी भाकरीचं गाठोडं खाली ठेवायच्या आधीच विचारलं.

"काय न्हाई."

"मामांचा फोटो काढलाय मी," मी म्हणाले. मला अजून एका माणसाचं मत हवंच होतं.

मामींनी फोटो घेतला. लांब धरला, जवळ धरला, पुन्हा लांब धरला.

"आगं बया! हे माजं इरकल!"

मामा बैलाकडं बघू लागले.

"पंधरा दिस झालं, पेटी उलथीपालथी करायलेय मी. सुनंला बोल लावला फोनवर. घरी येऊन नेलंत तवा का सांगितलं न्हाई?"

"तू दिलं असतंस व्हय?"

"न्हाई दिलं असतं!"

एवढं झाल्यावर त्या खाली बसल्या आणि फोटो पुन्हा निरखू लागल्या. तीस वर्षं नवरा बाईचं सोंग घेतोय, पण ते त्यांनी जवळून कधी पाहिलंच नव्हतं. गावात भारूड असलं की पुढं गडी बसायचे आणि बायका मागं लांब, कडेला. आवाज ऐकू यायचा, तोंड दिसायचं नाही.

"मामी, कसा आलाय? खरं सांगा."

"पदर माज्यावानीच घेतलाय," त्या म्हणाल्या. मग मान हलवली. "पर ही बाई खोटी हाय. नवऱ्यावर कावलेली बाई अशी मान वर करून बसती व्हय? तिला बसायला कुठाय येळ? ती काम करती आन् काम करता करता बोलती."

मला चाचांचा आला होता तसा राग आला नाही. मामी म्हणत होत्या ते मला माहीत होतं. आमच्या घरी आई तशीच रागवायची, परात घासता घासता.

"मामा," मी म्हणाले, "पुन्हा एकदा नेसाल का?"

"न्हाई बा," मामा म्हणाले.

"नेसतेत," मामी म्हणाल्या.

पुढच्या रविवारी सकाळी मामी मुद्दाम आल्या. पत्र्याच्या शेडमागं त्यांनी स्वतः मामांना लुगडं नेसवलं. मला आवाज तेवढा येत होता. "हलू नगा. बैल बरा तुमच्यापरीस." कासोटा एवढा आवळला असावा, की मामा चालताना जरा तिरकेच चालत होते. पावडर मामींनी लावू दिली नाही. कुंकू तेवढं ठेवलं.

"आता करू काय?" मामांनी मला विचारलं. उत्तर मामींनीच दिलं.

"शेन काढा त्या बैलामागचं."

"लुगड्यावर?"

"मी रोज कशावर काढते?"

मामांनी पदर कमरेला खोचला, घमेलं घेतलं आणि वाकले. तोंडावर पदर नाही, मिशी सगळी उघडी. मी आधी मागं काय आहे ते बघितलं. बैल जरा बाजूला सारायला लावला, ऊन कुठून येतंय ते पाहिलं आणि गुडघे टेकून खाली बसले. मामी माझ्या शेजारीच उभ्या होत्या आणि त्यांचं तोंड चालू होतं. "हाताला काय झालंय? तिकडचं राहिलं. आसं न्हाई, आसं." चौथ्या-पाचव्या सूचनेला मामांनी घमेलं एका हातावर तोलून मागं वळून बघितलं. चेहऱ्यावर खराखुरा वैताग होता, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू सांडायच्या बेतात होतं. मी बटण दाबलं.

तो फोटो घेऊन मी बीडला गेले. चाचांनी तो मशीनमधून काढला आणि चष्मा वर सरकवून बघत राहिले. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली.

"ही कुणावर चिडलीय?" त्यांनी विचारलं.

"बायकोवर," मी म्हणाले. "त्यांची बायको माझ्याशेजारी उभी होती."

चाचा मोठ्यानं हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं. मग म्हणाले, "शेडचा खांब वाकडा आलाय. पुढच्या बारीला खांब सरळ धर." आणि फोटो पाकिटात घालायच्या आधी त्याची आणखी एक प्रत काढली. ती त्यांनी काउंटरच्या काचेखाली, पासपोर्ट फोटोंच्या ओळीशेजारी सरकवली. खांब मला त्या दिवशी अजिबात टोचला नाही. एसटीत बसायला जागा नव्हती, तरी घरी कधी पोचले कळलं नाही.

पुढं पाऊस झाला, छावणी उठली. लोक आपापली जनावरं घेऊन गेले. मी पुन्हा फॅट लावायला बसले आणि कॅमेरा संस्थेच्या कपाटात गेला. पण सचिव समजूतदार माणूस. सुट्टीच्या दिवशी मला तो न्यायला द्यायचे. मी चाचांकडं जाऊन बसायची, त्यांच्याबरोबर लग्नांना जायची. तिथं सगळ्यात आधी बघायला शिकले ते माणसांच्या मागं काय उभं आहे ते.

दिवाळीत मामांच्या वाडीला गेले. पोरं-सुना पुन्हा कोयते बांधून निघायच्या तयारीत, घरात गडबड. भिंतीवर देवांच्या तसबिरींच्या रांगेत जरा खाली मी दिलेला फोटो काचेत लावलेला होता. मी बसले असतानाच मामींच्या माहेरचे पाव्हणे आले. त्यातल्या एकानं फोटोजवळ जाऊन डोळे बारीक केले आणि विचारलं, "आक्का, ही कोन गं?"

मामी चुलीपाशी होत्या. त्यांनी मागं वळूनही बघितलं नाही.

"माजी सवत," त्या म्हणाल्या. "शेन बरं काढती."

सगळं घर हसलं. मामा दारात बैलाची शिंगं रंगवत बसले होते. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि मला विचारलं, "पोरी, च्या घेतलास का न्हाई अजून?" चहा आला, गुळाचा, आणि मी तो पाव्हण्यांच्या शेजारी बसून निवांत प्यायले.