आईंनी मोडलेला श्रावण

फोन आला तेव्हा मी बाळाला घेऊन म्हापशाला माहेरी होते. नवरा एवढंच म्हणाला, "आई गेली..." पार्से गावातल्या आमच्या घरी सासूबाई सकाळचा चहा पिऊन जरा टेकल्या, त्या उठल्याच नाहीत. त्याला आता पाच आठवडे झाले.

मी कमी बोलणारी. लग्नानंतर आईंना बहुतेक वेळा एकाच शब्दात उत्तर द्यायचे, "होय." दिवस राहिले तेव्हा आरोग्य केंद्रातल्या नर्सने रक्तवाढीच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या आणि दोन्ही एका वेळी घ्यायच्या नाहीत म्हणून बजावलं. पोटातल्याला कॅल्शियम कमी पडलं तर ते आईच्या हाडांतून घेतं, आईचा रक्तदाबही वाढू शकतो, असं ती सांगत होती तेव्हा सासूबाई तिच्याकडे एकटक बघत होत्या. मी पाकिटावरचं इंग्रजी वाचत होते. रक्तवाढीची रात्री घरी, कॅल्शियमची दुपारी तुयेच्या कारखान्यातल्या माझ्या ऑफिसात जेवल्यावर, असं ठरलं. ती खडूसारखी जाड गोळी घशात अडकायची, उमासे यायचे. मी ती टेबलाच्या खणात टाकू लागले. संध्याकाळी आई दारातच विचारायच्या, "गोळी घेतलंस मगो?"

"होय."

सहाव्या महिन्यात पायांत गोळे येऊ लागले. पोटरी धरून मी पायरीवरच बसायचे. गोळ्या घेऊनही हे होतंय म्हणजे त्या पुरत नाहीत, असा आईंनी अर्थ काढला. श्रावण चालू होता. आई चतुर्थी होईपर्यंत मासळीची भांडीसुद्धा माळ्यावर ठेवायच्या. एका सकाळी त्यांनी मागल्या पडवीत वेगळी चूल मांडली आणि मोतयाळे शिजवले, काट्यांसकट चावून खायचे ते चिमुकले मासे. नर्सने तेही सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं. शेजारच्या काकी कुंपणापलीकडून म्हणाल्या, "श्रावणात वास कसलो गो येता तुमगेर?" आई ढवळत राहिल्या. "पोटातल्याक पंचांग खंय वाचूक येता? त्याचीं हाडां घडतत." मग मला ताट वाढून त्या पुन्हा आंघोळीला गेल्या.

ते ताट मी कसंबसं संपवलं. दुसऱ्या दिवशी खणातल्या सगळ्या गोळ्या आणून त्यांच्यासमोर ठेवल्या. "आई, मी घेतल्याच नाहीत..." आई त्या गोळ्यांकडे बघत राहिल्या.

"म्हणजे माजो श्रावण फुकट मोडलो," त्या म्हणाल्या. रागाने म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. मग पदराने तोंड पुसून, "जाव दे. मोतयाळे तरी पोटात गेले मगो?"

त्यांनी ते शिजवणं थांबवलं नाही. गोळ्यांच्या वेळा मात्र त्याच दिवशी बदलल्या: रक्तवाढीची ऑफिसात, कॅल्शियमची रात्री जेवल्यावर, त्यांच्यासमोर. पाणी पिऊन झालं की म्हणायच्या, "आ कर." मी लहान मुलासारखं तोंड उघडायचे, त्या वाकून जिभेखाली बघायच्या आणि मगच भांडी आवरायला घ्यायच्या. मुलगी झाली, दोघी सुखरूप घरी आलो, तरी ते सुटलं नाही. बाळ अंगावर पितं तोवर गोळ्या चालूच ठेवायच्या होत्या.

बारावं झालं, पाहुणे गेले, घरात आम्ही तिघंच उरलो. जेवण झाल्यावर मी गोळी घेतली, पाणी प्यायले आणि तोंड उघडून तशीच उभी राहिले... नवऱ्याने ताटं उचलता उचलता विचारलं, "काय झालं?"

मी तोंड मिटलं.