आजा कशानं गेला

सुरंगीच्या वळेसराचा, म्हणजे गजऱ्याचा, वास आला की मला मालगुंडची ती पडवी आठवते. आईला घेऊन मुलगी बघायला गेलो होतो. मुलगी रत्नागिरीच्या कॉलेजात पाहिलेली, केव्हाची मनात भरलेली. वळेसर माळून ती पोहे देऊन गेली, नोकरीची चौकशी झाली. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, ताठ बसून उत्तरं देत होतो. मग तिच्या मामांनी बिडी विझवली आणि विचारलं, "वडील कशानं गेले तुमचे?" "हार्ट अटॅकनं." "आणि आजा?" "तसाच." "पन्नाशी बघितली कोणी?" आई पदराचं टोक पिळायला लागली. मी म्हणालो, "नाही. पण मी तंबाखूला शिवत नाही, रोज सकाळी चालतो." मामा म्हणाले, "मग वडील काय लोळत होते? जन्म शेतात गेला त्यांचा. रक्तात असेल ते चालून जातं होय?" आई उठायच्या बेतात होती, तेवढ्यात आतल्या दारातून मुलगीच म्हणाली, "मामा, आजीला शुगर होती, आईला आहे. ते सांगितलंत काय ह्यांना?" मामांनी दुसरी बिडी पेटवली आणि म्हणाले, "पत्रिका आणलीय ना?" यंदा माझी पन्नाशी उलटली. चहासुद्धा बिनसाखरेचा घेणाऱ्या माझ्या बायकोला शुगर मात्र परवा निघाली. ऐंशी ओलांडलेले मामा ठणठणीत आहेत. त्यांना आम्ही अजून कळवलेलं नाही.