कोणतं घर मारावं?

फुलसावंगीत धुरपताबाईंची पिठाची चक्की आहे. नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी गेला, मूलबाळ नाही. लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या नयनने मोबाईलवर टाकायला एक भयपट केला, तेव्हा खुनी बाई म्हणून त्यांनाच उभं केलं. पीठ उडून पांढराफटक झालेला चेहरा आणि हातात विळा. मेकअपची गरजच पडली नाही. सिनेमा इतका चालला, की बाया दळणाचा डबा दारातच ठेवून पळू लागल्या. बाईंच्या ते मनाला लागलं.

मग नयनने दुसरा भाग काढला. यात ती खुनी बाई कुठेच खोट नसलेलं कुटुंब शोधत फिरते आणि सापडलं की संपवते. कुटुंब गावातलंच घ्यायचं आणि बाईंनीच निवडायचं, असं त्यानं सांगताच गावाची भीती पळाली. पळणाऱ्या बायाच आता हात धरून घरी नेऊ लागल्या.

"धुरपतामाय, आमच्याकडं कोणी भांडतच नाही," असं सांगताना एका सासूनं सुनेचा दंड घट्ट धरून ठेवला होता. बांधावरून अबोला धरलेले नानाजी आणि त्यांचा धाकटा भाऊ बाबाराव एका पंगतीला जेवू लागले. बाईंना रोज कुठं ना कुठं पुरणपोळी. निवड लांबतच गेली.

"मावशी, ठरवा ना आता," नयन काकुळतीला आला.

"थांब ना बाप्पा. घाईघाईत कोणाले मारू?"

शेवटी नानाजींचं घर ठरलं. शूटिंगला सगळे नवे कपडे घालून बसले. बाई विळा घेऊन आत आल्या, तसे नानाजी उठले.

"पहिले मले मारा. मी थोरला आहो."

"काहून? दरवेळी तूच पहिले काहून?" बाबाराव उसळला. "बांधही तूच पहिले सरकवला!"

दोघं एकमेकांच्या गळ्याला भिडले. धुरपताबाईंनी विळा फेकला, मध्ये शिरल्या आणि गरजल्या, "मरायले बसले ना? मंग चुपचाप मरा! मी कायले आली इथं?"

दोघं मुकाट खाली बसले. नानाजींची सून विजयमाला तोंडाला पदर लावून हसत सुटली. नयनने ते सगळं तसंच सिनेमात ठेवलं. त्यामुळे दुसऱ्या भागात कोणीच मरत नाही, आणि पाहणारे त्याला अजून शिव्या देतात.

भावांचा अबोला पुन्हा सुरू झाला. पण बांधाची मोजणी आली, तेव्हा दोघांनीही बाईंनाच बोलावलं आणि विळा घेऊन मध्ये उभं केलं. ऊन फार होतं. विजयमालानं त्यांच्या डोक्यावर छत्री धरली.