आईच्या नव्या फोनातली माणसं

आमच्या अख्ख्या घरात ईमेल एकच, आणि तो माझा. कुणी नवा फोन घेतला की दुकानदार विचारायचा, ईमेल कोणता टाकू, आणि सगळे माझ्याकडे बघायचे. मी जळगावात एका पाइप कंपनीच्या ऑफिसात कामाला, त्यामुळे घरातली कॉम्प्युटरची जाणकार मीच. वासरात लंगडी गाय शहाणी. असं करता करता धुळ्याला भावाच्या आणि वहिनीच्या, इथे माझ्या आणि आईच्या, सगळ्या फोनांत माझाच ईमेल जाऊन बसला. एकाने नंबर साठवला की तो सगळ्यांकडे उगवायचा. वहिनीचा धुळ्याचा दूधवाला माझ्या फोनात, माझे साहेब आईच्या फोनात. आईने एकदा त्या साहेबांना फोन लावून, पोरीला रोज उशीर का करता, असं विचारलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला वेळेवर सोडलं, म्हणून मी ती व्यवस्था तशीच राहू दिली.

आईला वाचता येत नाही. तिच्यासाठी मी प्रत्येक नंबरला फोटो लावून ठेवला होता. माणसांना माणसांचे, गॅसवाल्याला लाल सिलिंडर, दवाखान्याला तिथल्या दारातला गणपती. ती फोटोवर बोट ठेवायची आणि फोन लागायचा. भावाच्या नंबरला त्याचा मोटरसायकलवरचा फोटो होता, दात काढून हसणारा. आईचं बोट सगळ्यात जास्त त्याच्यावरच पडायचं, आणि मला त्याचा राग यायचा. सांभाळायचं मी, आणि फोन लावायचा त्याला.

तो भाऊ गेला. शेतांत पाइप बसवायची कामं घ्यायचा. धुळ्याजवळ रस्त्यावर अपघात झाला आणि जागीच संपला. तेव्हा आई इथे दवाखान्यात होती, हृदयात नुकताच स्टेंट टाकलेला. डॉक्टर म्हणाले, काही दिवस तिला धक्का बसेल असं काही सांगू नका. त्या काही दिवसांचे आम्ही महिने केले. आधी तिला सांगितलं, तो कामावर बाहेरगावी गेलाय. ते पुरेना, तेव्हा मी त्याला ठिबक सिंचनाच्या कामावर थेट आफ्रिकेत पाठवून दिलं. तिथून फोन लागत नाही म्हटलं, आणि इथला फोन तो घरीच ठेवून गेलाय. बँकेचे निरोप त्याच नंबरवर यायचे, म्हणून वहिनीने तो चालू ठेवला होता. आईने लावलाच तर वहिनी उचलायची, दोन शब्द नीट बोलायची आणि ठेवल्यावर रडायची. आई मला विचारायची, तिकडे त्याला ज्वारीची भाकरी मिळते का. मी म्हणायचे, तिकडेही ज्वारी पिकते. हे मी इंटरनेटवर बघून ठेवलं होतं. एवढ्या खोट्यात तेवढं एक तरी खरं असावं असं वाटायचं.

नातेवाइकांना आम्ही जळगावच्या घरी येऊच दिलं नाही. भडगावच्या मावशीने एकदा फोनवर गळा काढलाच होता. मी आईच्या हातातून फोन ओढून घेतला आणि रेंज गेली म्हणून सांगितलं. मावशी माझ्याशी अजून धड बोलत नाही.

मग आईच्या फोनची बॅटरी फुगली, मागचं झाकण उचललं गेलं, आणि नवा फोन घेणं भाग पडलं. दुकानात उभी असताना माझ्या डोक्यात किंमत नव्हती की कंपनी नव्हती. भावाचा नंबर नव्या फोनात येऊ द्यायचा की काढून टाकायचा, एवढंच घोळत होतं. काढला तर आई पहिल्यांदा तोच शोधणार. ठेवला तर रोजचं नाटक पुढे चालू. शिवाय माझ्याकडून काढला की वहिनीच्या फोनातूनही जाणार, आणि ते तर माझ्याच्याने झालं नसतं. शेवटी राहू द्यायचं ठरवलं.

रविवारी दुपारी नवा फोन घेऊन बसले. ईमेल टाकला, पासवर्ड टाकला, आणि नळाला पाणी यावं तसे नंबर उतरायला लागले. मावशी आली, सिलिंडर आला, गणपती आला. यादी पळत होती. मी भावाचं नाव पाहिलं, नंबर पाहिला, दोन्ही बरोबर होते. फोटो मात्र पाहिला नाही. वाचता येणाऱ्याचं हे असंच, नाव दिसलं की चेहरा बघायचा राहून जातो. फोन आईच्या हातात दिला आणि मी चहा ठेवायला गेले.

परत आले तर आई फोन धरून तशीच पलंगावर बसलेली. स्क्रीनवर भाऊ होता, पण मोटरसायकल नव्हती. कपाळाला गंध, गळ्यात चंदनाचा हार. आईचा जुना फोन बंद पडला त्याच आठवड्यात वहिनीने तो फोटो फ्रेम करून आणला होता, आणि भिंतीवर लावल्यावर मोबाइलने टिपून आपल्या फोनात त्याच्या नंबरला लावला होता. नवरा तिचा, फोन तिचा. तिने धुळ्यात लावलेला फोटो जळगावात उतरतो, हे तिला कुठून कळावं? ते कळायचं काम माझं होतं.

मी म्हणाले, चुकून काहीतरी लागलंय, दे इकडे.

"हार काय चुकीसन घालतस?" आई म्हणाली. आवाज जराही चढला नव्हता. "कव्हय गया?"

मग मी कधी गेला, कसा गेला, सगळं सांगितलं. सांगताना माझं लक्ष तिच्या छातीकडे होतं, आणि गोळ्यांचा डबा कुठे ठेवलाय ते मनातल्या मनात शोधत होते. दहावं कोणी केलं, एवढंच तिने मध्ये विचारलं. नातवाने, मी म्हटलं. तिने मान हलवली. तिला काही झालं नाही, याचीच मला जास्त भीती वाटली.

"बठ्ठं गणगोत रडनं," ती म्हणाली. "मी त्यानी माय, नि माले रडू बी नही दिधं तुम्हीन. मना दारवर कोनी ऊनं नही."

दारवर जाणं म्हणजे सुतकाच्या घरी भेटायला जाणं. घरची बाई खाली बसलेली असते, येणारी डोक्यावर पदर घेऊन आत येते, आणि दोघी गळ्यात पडून रडतात. धुळ्याला कितीतरी जणी आल्या होत्या. माझ्या आईकडे एकीलाही मी येऊ दिलं नव्हतं.

आई पलंगावरून उतरली. मी नको म्हणत असताना भिंतीला पाठ लावून खाली बसली, पदर कपाळापर्यंत ओढला आणि दाराकडे बघत राहिली. रविवारची दुपार, कोण येणार होतं? वहिनी निघाली असती तरी तिला पोचायला संध्याकाळ झाली असती. शेवटी मीच उठले. दार उघडून बाहेर गेले, पायरीवर थोडी उभी राहिले, ओढणी डोक्यावर घेतली आणि परगावाहून आल्यासारखी आत आले. आईने हात पसरले, आणि इतके महिने दाबून ठेवलेलं सगळं आम्हा दोघींच्या तोंडून एकदम बाहेर पडलं.

आवाज ऐकून शेजारच्या भाभी धावत दारात आल्या. काय झालं, कोण गेलं, त्यांनी विचारलं. माझा भाऊ गेला, मी म्हणाले. या घरात हे वाक्य मी पहिल्यांदा मोठ्याने बोलत होते. कधी गेला, भाभींनी विचारलं.

"आज," आई म्हणाली. "आज गया."