मोडायची नाही म्हटलेली ओळ

घरात त्याला मापाडी म्हणतात. टेबल भिंतीपासून बोटभर तिरकं असलं तरी त्याचं जेवणात लक्ष लागत नाही. वेबसाइटची पानं बनवणं हा त्याचा धंदा. बसतो मात्र थोरल्या बहिणीच्या गोदामात, घोंगड्यांचा ढीग आणि घडी घातलेली खोकी यांच्या मधल्या फटीत.

अक्काचा धंदा सामान हलवण्याचा. ट्रक दोन, त्यातला एक कामाविना उभा होता आणि विकत घेणारा टायरला लाथा मारून, बघून गेला होता. एका प्रयोगशाळेला जागा बदलायची होती. ते काम मिळालं तरच ट्रक राहणार होता.

कंपनीचं पान अर्थातच भावानं केलं. वर ठळक अक्षरांत अक्काचं वाक्य: ‘तुमचं काचेचं सामान आम्ही फोडणार नाही’. मथळा दोन ओळींत गेलेला मापाडीला खपत नाही. म्हणून त्यानं सीएसएसमध्ये, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या सूचनांमध्ये, बजावून ठेवलं: काही झालं तरी ही ओळ मोडायची नाही. त्याच्या हातभर रुंद पडद्यावर ती सुतासारखी सरळ बसली. फोनवर बघायची तसदी त्यानं घेतली नाही.

प्रयोगशाळेच्या व्यवस्थापक बाईंनी पान फोनवरच उघडलं. न मोडणारी ओळ पडद्याबाहेर गेली, तिच्याबरोबर अख्खं पान ताणलं गेलं आणि ‘काम नोंदवा’ हे बटण उजवीकडे दिसेनासं झालं. बाईंनी अक्काला फोन लावला.

“अहो, काम द्यायला आम्ही तयार आहोत. तुम्ही घ्यायला तयार आहात का? बटण कुठंय?”

मापाडीनं चहा निवायच्या आत इलाज केला. मथळ्याची रुंदी पडद्याएवढी बांधली, मावणार नाही तो मजकूर छाटून तीन टिंबं द्यायला सांगितलं. बटण जागेवर आलं. त्यानं बटणच तेवढं बघितलं.

पुन्हा फोन.

“बटण सापडलं,” बाई म्हणाल्या. “पण दाबायला हात धजत नाही. वाचून दाखवू?”

“वाचा की.”

“‘तुमचं काचेचं सामान आम्ही फोडणार’. पुढं तीन टिंबं.”

अक्कानं फोनवर तळहात दाबला. “मेल्या, माझं ‘नाही’ कुठं टाकलंस?”

“मावत नव्हतं गं.”

“कपाट दारातून जाईना, तर आपण कपाटाचे पाय कापतो का?”

मापाडीनं ‘मोडू नको’ आणि ‘छाट’ या दोन्ही सूचना काढल्या आणि ओळ हवी तिथं मोडायची मुभा दिली. रुंदी पडद्याएवढीच ठेवली. मथळा दोन ओळींत आला; खालच्या ओळीत एकटं ‘नाही’. दोन्ही ओळी सारख्या लांबीच्या करायचीही सूचना असते. त्याचा हात कळफलकाकडे गेला.

“हात काढ,” अक्का म्हणाली. “राहू दे तिथंच. एकटं आहे म्हणून तर नजरेत भरतंय.”

बाईंनी पान पुन्हा उघडलं. बटण दाबलं, आणि मग फोनवर एक अट घातली: “हे पान ज्यांनी केलंय ना, त्यांना आमच्या काचेला हात लावू देऊ नका.”

“माझा धाकटा भाऊच आहे तो,” अक्का म्हणाली. “त्याला मी घरची कपबशीसुद्धा उचलू देत नाही.”

आणि ट्रकची किल्ली तिनं खिळ्यावरून काढली.